बूट चावतोय? आधी कुठे ते बघा

नवे बूट चावायला लागले की बहुतेक जण दोनच गोष्टी करतात: नाड्या सैल सोडतात, नाहीतर जाड मोजे चढवतात. टाच सोलवटत असेल तर नाड्या सैल केल्याने त्रास वाढतो, कारण टाच बहुधा सैल बुटातच वरखाली घासते. चवडा आवळत असेल तर जाड मोज्यांनी उरलीसुरली जागाही जाते. म्हणून दुखतंय नेमकं कुठे, ते आधी शोधायचं.

संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, नेहमीचे मोजे घाला. बुटातली गादी (इनसोल) काढून जमिनीवर ठेवा आणि तिच्यावर उभे राहा. सगळ्यांत लांब बोटापुढे साधारण १ सेंटीमीटर जागा दिसली पाहिजे. चवडा कडेने बाहेर येत असेल तर रुंदी कमी आहे आणि त्यावर इलाज आहे. बोटं गादीच्या टोकाला टेकत असतील तर बूट सरळ परत करा. कातडं रुंदीला ताणतं, लांबीला जवळजवळ नाही. पुढच्या टोकात तर आकार टिकावा म्हणून कडक अस्तर बसवलेलं असतं.

मग बुटात हात घालून अस्तरावरून बोट फिरवा. जाड शिवण, दोऱ्याची गाठ, गादीची दुमडलेली कड, असलं काहीतरी हाताला लागतं आणि कधीकधी सगळं दुखणं तेवढंच असतं.

टाच उचलली जात असेल तर नाडी बांधायची पद्धत बदला. फुल्या घालत वरून दुसऱ्या भोकापर्यंत या. तिथून नाडी पलीकडे न नेता त्याच बाजूच्या शेवटच्या भोकात बाहेरून आत घाला, म्हणजे दोन्हीकडे एकेक छोटं कडं तयार होतं. उजवी नाडी डाव्या कड्यातून ओवा, डावी उजव्या कड्यातून. टाच जमिनीवर दोनदा आपटून मागे सरकवा आणि मगच ओढून गाठ मारा. हा क्रम चुकला, म्हणजे पाय पुढे असतानाच नाडी आवळली, तर काहीच फायदा होत नाही. भोकांऐवजी हुक असतील तर घोट्याच्या वळणाशी नाड्यांना एकमेकींभोवती दोन पीळ द्या. वरचा ताण खाली सरकत नाही.

पावलाच्या वरच्या बाजूला, बुटाच्या जिभेखाली दुखत असेल तर दुखऱ्या जागी फुली घालूच नका. दोन्ही नाड्या तिथे आपापल्या बाजूने सरळ वर न्या, पुढे पुन्हा नेहमीप्रमाणे फुल्या.

करंगळीपाशी किंवा अंगठ्याच्या हाडापाशी चावत असेल तर बूट तेवढ्याच जागी ताणावा लागतो. जागा हेरायला मोज्यावर दुखऱ्या ठिकाणी लिपस्टिकचा ठिपका द्या आणि पाय बुटात घाला. अस्तरावर खूण उमटते. पाणी आणि स्पिरिट समप्रमाणात मिसळून तिथे आतून फवारा (आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात रंग सुटतो का ते बघा). मग लाकडी स्ट्रेचरला (स्क्रू फिरवून बूट आतून ताणायचा साचा) त्या जागी येईल असा गोळा बसवून तो आत घाला, घट्ट बसेपर्यंत स्क्रू फिरवा, वर फक्त अर्धा फेरा. २४ तासांनी घालून बघा. कमी वाटलं तर पुन्हा अर्धा फेरा. घाईने एकदम ताणलं की शिवण उसवते आणि ताणलेलं कातडं मागे येत नाही, म्हणून इथे धीर धराच.

स्ट्रेचर नसेल तर दोन जाड मोजे घालून बूट चढवा, हेअर ड्रायर १५–२० सेंटीमीटर लांब धरून हलवत ठेवा, २०–३० सेकंद पुरे. बूट थंड होईपर्यंत पायातच राहू द्या आणि नंतर कातड्याला लेदर कंडिशनर लावा. एकाच जागी उष्णता धरली तर डिंक सुटतो, कातडं कोरडं पडून तडकतं. पाण्याची पिशवी घालून बूट फ्रीझरमध्ये ठेवायचा उपाय मला पटत नाही: बर्फ फुगतो खरा, पण हव्या त्या जागीच ताण देईल याची खात्री नाही, आणि पिशवी फुटली तर बूट आतून भिजतो. पुढे लोखंडी टोपी असलेल्या बुटाचा तो भाग कशानेच ताणत नाही. त्यात बोटं दुखली तर माप बदला.

बुटाची वरची कड घोट्याच्या हाडावर घासत असेल तर गादीखाली ३ मिलिमीटरची टाचपट्टी घाला. पाय वर उचलला जातो आणि हाड कडेच्या वर येतं. पट्टी दोन्ही बुटांत घाला, नाहीतर चालण्याचा तोल बिघडतो.

बूट पायात रुळेपर्यंत पहिले काही दिवस घरातच, स्वच्छ फरशीवर, तासभर घाला. परत करायची वेळ आली तर सोल मळलेला नसतो. एखादी जागा चुरचुरायला लागली की तिथेच थांबून चिकटपट्टी लावा, फोड यायची वाट पाहू नका. आलाच तर वरची कातडी ओढून काढू नका. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झाली असेल तर दुखण्यावरून काही कळणार नाही. अशांनी दर तासाला मोजा काढून पाय बघावा आणि कातडी लाल दिसली की बूट काढून ठेवावा.