रिपोर्टवरचा ठळक ६.८

हेल्थ चेकअपच्या रिपोर्टवर पीएसएच्या, म्हणजे प्रोस्टेटच्या रक्ततपासणीच्या, ओळीत ६.८ ठळक छापलं होतं, शेजारी ‘एच’, म्हणजे ‘हाय’. नॉर्मल म्हणून ० ते ४. माझं वय ६६. त्या रात्री चार वेळा लघवीला उठलो आणि चारही वेळा तो कागद दिव्याखाली धरला. हिला काहीच बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी मिरजेला युरॉलॉजिस्टकडे गेलो. डॉक्टरांनी आकडा एकदाच पाहिला आणि विचारायला लागले. लघवीला जळजळ? ताप? नळी घातली होती? सायकल चालवता? वडिलांना, भावाला प्रोस्टेटचा कॅन्सर? तेव्हा आठवलं, रक्त देण्याच्या दोनच आठवडे आधी मला थंडीताप येऊन लघवीला आग होत होती. लॅबमध्ये हे कुणी विचारलंच नव्हतं. त्याचा राग मला अजून आहे.

पीएसए हे प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारं प्रथिन. वयानं ग्रंथी वाढली, संसर्गानं सुजली, तरी ते रक्तात जास्त उतरतं. डॉक्टरांनी गुदद्वारातून बोटानं ग्रंथी तपासली. संकोच वाटला, पण अर्ध्या मिनिटाचं काम. कडक काही लागलं नाही. मग आठ आठवडे थांबायला सांगितलं. लॅब तीच, आणि आधीचे दोन दिवस सायकल आणि शरीरसंबंध बंद.

दुसऱ्या वेळी ४.३ आला. त्यात फ्री पीएसए, म्हणजे रक्तात इतर प्रथिनांना न चिकटता मोकळा असलेला भाग, १.२, म्हणजे २८ टक्के. चार ते दहाच्या पट्ट्यात हे प्रमाण बघतात: पंचविसाच्या वर असेल तर कॅन्सरची शक्यता कमी, दहाच्या खाली असेल तर जास्त. आकडा चढाच राहिला असता, तर एमआरआय आणि गरज पडली तर बायोप्सी. आता सहा महिन्यांनी पुन्हा रक्त द्यायचंय.

हे सगळं आमराईत फिरताना मित्राला सांगितलं. तो म्हणाला, “माझा ३.२ आहे बाबा, नॉर्मल.” बोलता बोलता कळलं, लघवीसाठी तो दोन वर्षं रात्री ड्युटास्टेराइडची गोळी घेतोय. मी जागीच थांबलो. या गोळीनं पीएसए साधारण निम्म्यावर येतो, म्हणून डॉक्टर तो दुप्पट धरून वाचतात. त्याचा ३.२ म्हणजे ६.४ च्या आसपास, आणि त्याच्या कागदावर ‘एच’ नव्हता. लॅबला गोळीचं माहीतच नव्हतं.

गोळ्यांची स्ट्रिप आणि जुने रिपोर्ट एका पिशवीत घालायला सांगितलेत. सोमवारी त्याला घेऊन मिरजेला निघतोय.