बोंबलाचा जबडा

मंगळवारी बाजारात सुक्या मासळीच्या गोण्यांपुढे उकिडवा बसलो होतो. एक बोंबील उचलला, तर बोटाला टोचलं. डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं. जबड्यात सुईच्या टोकासारखे बारीक दात, आणि सगळे घशाकडे वळलेले. आत जाणाऱ्याला वाट मोकळी, परत फिरला की काटेच काटे.

"काऊन भाऊ, दात मोजून राह्यले का?" मावशी म्हणाल्या.

"नाही जी, पाहून राह्यलो."

"मंग पाव किलो देऊ?"

ज्याने ओला बोंबील हातात धरलाय त्याला हे दात खरे वाटायचे नाहीत. इतका लिबलिबीत, की अंगात नव्वद टक्क्यांच्या आसपास नुसतं पाणीच. पण किनाऱ्याजवळच्या गढूळ पाण्यात, तळाच्या आसपास, हाच मोठा हावरट शिकारी. जवळा, म्हणजे कोळंबीसारखा बारीक जीव, हे त्याचं रोजचं जेवण. अंगाने वाढला की मांदेळी, आणि तोंडापुढे आलंच तर बोंबलाचं पिल्लूसुद्धा. घरचं-परकं असा भेद नाही. चावत बसायची भानगड नाही, अख्खं गिळायचं.

कोळी भरती-ओहोटीच्या धारेत डोल नावाची पिशवीसारखी जाळी लावतात, तीत बोंबीलही येतो, जवळाही आणि मांदेळीही. किनाऱ्यापासून रस्त्याने आठशे किलोमीटरवर, मावशींपुढेही त्यांच्या गोण्या शेजारीशेजारीच. वाळलेला जवळा इथे सुकट होतो, एवढंच.

वाळवायची रीत तर मला फारच आवडते. अर्नाळा-वर्सोव्याकडे बांबूच्या वलांडीवर दोऱ्या ताणलेल्या असतात. दोन बोंबील घ्यायचे, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. ना गाठ, ना खिळा. आयुष्यभर एकमेकांची पिल्लं गिळणारे हे, आता वारा कितीही सुटला तरी एकमेकांना सोडत नाहीत.

घरी आई डोकी मोडत होती. डोकं म्हणजे तिच्या लेखी कचरा. मी दात दाखवायला गेलो, तिने चष्मासुद्धा लावला नाही. एकाचं पोट मात्र उकललं आणि आतून जवळा निघाला, वाळून कागद झालेला, पण काळ्या ठिपक्यांचे दोन्ही डोळे शाबूत. बहुतेक शेवटचा घास.

मी तो चिमटीत धरून उजेडाकडे नेला.

"फेकू नको," आई म्हणाली, "टाक त्याले बी तव्यावर."