हन्ना

आज पुतणीचा बाप्तिस्मा झाला. नाव हन्ना. जेवताना आजीने विचारलंच, "अर्थ काय गं याचा?" अर्थ सोपा, हिब्रूत कृपा. पण मला सांगायची होती ती बायबलमधल्या पहिल्या शमुवेल या पुस्तकातली हन्ना. मूल नाही म्हणून सवत पनिन्ना तिला सतत टोचायची. नवरा एलकाना जीव लावायचा, पण म्हणायचा काय, तर मी तुला दहा मुलांपेक्षा जास्त नाही का!

शिलोच्या देवस्थानात ती देवापुढे रडत होती. ओठ हलत होते, आवाज नव्हता. एली याजकाला वाटलं, ही प्यायलीय. तिने ऐकून घेतलं नाही. मी मद्य घेतलेलं नाही, देवापुढे मन मोकळं करतेय, असं तिने त्याला सरळ सांगितलं. मला ती इथे फार आवडते. प्रार्थना कशी करावी, हे यहुदी परंपरा तिच्याकडूनच शिकते.

शमुवेल झाला. दूध तुटल्यावर तिने त्याला नवसाप्रमाणे देवाच्या सेवेला दिलं आणि दरवर्षी त्याच्यासाठी लहानसा झगा शिवून नेत राहिली. दर खेपेला माप वाढवावं लागलं असणार, नाही का? इथे आजीने डोळ्यांना पदर लावला.

घरी बायबल असेल तर १ शमुवेल २ मधलं तिचं गीत वाचा आणि लगेच लूक १ मधलं येशूच्या आईचं, मरियेचं. दोन्ही शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत.