कमरगाहचे एक पान

आमच्या संग्रहालयाच्या जुन्या नोंदवहीत या चित्राची नोंद एका ओळीची आहे : ‘शिकारीचे दृश्य, मोगल शैली, कागद, हिरवा रंग खराब.’ नोंद करणाऱ्याने चित्र उलटून पाहिले नसावे. उलटून पाहिले असते, तर रंग खराब झालेला नसून रंगानेच कागद खाल्ला आहे, हे त्याच्या लक्षात आले असते. कागदावरील चित्रांच्या संवर्धनाचे काम मी बरीच वर्षे करते आहे आणि जंगालाने केलेले असे नुकसान मी अनेकदा पाहिले आहे; पण या पानाने मला जेवढे अडवले आणि अजूनही अडवून ठेवले आहे, तेवढे दुसऱ्या कोणत्याही पानाने नाही.

जंगाल म्हणजे तांब्यावर आंबट द्रव्याची वाफ देऊन मिळवलेला हिरवा रंग. तो विलक्षण तेजस्वी असतो आणि म्हणूनच चित्रकारांना त्याचा मोह पडे. पण त्यातले तांबे ओलाव्याच्या साथीने कागदाचे तंतू हळूहळू जाळत राहते. जुन्या इराणी चित्रकारांना हे ठाऊक होते, म्हणून ते जंगालात थोडे केशर मिसळत. आमच्या पानाच्या चित्रकाराने तसे केलेले दिसत नाही. शिकारीच्या चित्रात सर्वांत मोठी जागा कुरणाची असते आणि इथे सगळे कुरण जंगालाचे होते. मागच्या बाजूने ते करपलेल्या पापडासारखे तपकिरी आणि ठिसूळ झाले होते. हरणे, नीलगायी, ससे, कोल्हे हे सारे सफेदा, गेरू आणि काजळीत रंगवलेले असल्यामुळे धडधाकट होते, पण ज्या भूमीवर ते उभे होते तीच तडकत चालली होती. चित्र उचलताना एक ससा पानापासून सुटून माझ्या टीपकागदावर पडला.

आमच्या अभिरक्षक बाईंना हे चित्र मध्ययुगीन राजदरबारांतील विरंगुळ्यावरच्या प्रदर्शनासाठी हवे होते आणि मुदत नेहमीप्रमाणे अपुरी होती. संवर्धनाला लागणारा वेळ प्रदर्शनाची तारीख छापून झाल्यावर विचारायचा, ही आपल्याकडच्या बहुतेक संस्थांची पद्धत आहे आणि ती चित्रांच्या मुळावर येते, हे मी प्रत्येक बैठकीत सांगत आले आहे.

चित्रात कमरगाह आहे. मोगलांनी ही शिकारीची पद्धत आपल्या मंगोल पूर्वजांकडून घेतली. हजारो हाकारे दूरवरून रान उठवत, जनावरांना पुढे घालत, रिंगण आवळत आणत. शेवटी सारी जनावरे एका कुंपणात कोंडली जात आणि मग बादशहा आत उतरे. 1567 साली लाहोरजवळ अकबराने केलेली अशी शिकार प्रसिद्ध आहे. हाका महिनाभर चालला होता आणि त्यानंतर पाच दिवस बादशहाने बाण, तलवार, भाला, बंदूक अशा निरनिराळ्या हत्यारांनी शिकार केली. त्याच्यानंतर अमीर-उमरावांना आत सोडले गेले आणि त्यांच्या मागून हलक्या दर्जाच्या लोकांना. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील अकबरनाम्याच्या, म्हणजे अकबराच्या कारकिर्दीच्या दरबारी इतिहासाच्या प्रतीत या प्रसंगाचे जोडपानी चित्र आहे आणि त्याची आखणी अकबराच्या चित्रशाळेतल्या मिस्कीना या चित्रकाराची आहे. जनावरांच्या शरीरातली भीती मिस्कीनाइतकी कोणी ओळखली नाही, असे माझे मत आहे. आमचे पान त्या तोडीचे नाही. ते पुढच्या काळात एखाद्या लहान दरबारात तसल्याच चित्रावरून बेतलेले असावे. तरी त्यातला हात कच्चा नाही.

विरंगुळा हा शब्द प्रदर्शनाच्या नावात आहे म्हणून इथे सांगायला हवे की, अकबराचा दरबारी इतिहासकार अबुल फजल स्वतः शिकारीला निव्वळ विरंगुळा मानायला तयार नव्हता. वरवर पाहणाऱ्याला यात प्राणी मारण्याची मौज दिसते, पण बादशहा शिकारीच्या निमित्ताने न कळवता मुलखात जातो, रयतेची आणि सैन्याची खरी स्थिती पाहतो, करवसुलीतला जुलूम त्याच्या कानावर येतो, असे त्याने आईन-ए-अकबरीत मांडले आहे. त्याच ग्रंथात शिकारी चित्त्यांचे आठ दर्जे आणि प्रत्येक दर्जाच्या चित्त्याला रोज किती शेर मांस द्यायचे हे नोंदले आहे. समंद माणिक नावाच्या लाडक्या चित्त्याला मेण्यातून नेत आणि त्याच्यापुढे नगारा वाजवीत. जहांगिराने तर शिकारीचा हिशेब ठेवणाऱ्या कारकुनांकडून आयुष्यभराच्या शिकारीची यादी करवून घेतली : बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत त्याच्यासमोर 28,532 प्राणी मारले गेले आणि त्यांतले 17,167 त्याने स्वतः मारले. एवढी शिस्त, एवढे चाकर, एवढी कागदपत्रे ज्याच्याभोवती होती, त्याला विरंगुळा म्हणून भिंतीवर टांगताना निदान फलकावर दोन वाक्ये जास्त लिहावीत, ही माझी मागणी अजून मान्य झालेली नाही.

आता मूळ प्रकरणाकडे येते. पानाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात कुंपण वळण घेते आणि त्या वळणावर बोटभर रुंदीची, वीतभर लांबीची कागदाची एक पट्टी वरून चिकटवलेली होती. पट्टीवर कुंपणाच्या काठ्या आणि झुडपे रंगवली होती. दुरून काही कळत नव्हते, पण तिरक्या प्रकाशात पट्टीची कड उठून दिसली आणि सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यावरचा हिरवा रंग यंत्राने दळल्यासारखा एकसारख्या कणांचा निघाला. हाताने घोटलेल्या जुन्या रंगाचे कण लहानमोठे असतात. म्हणजे ही पट्टी अलीकडची, बहुधा एखाद्या विक्रेत्याने विकण्यापूर्वी लावून घेतलेली होती.

अशा पट्ट्या फाटलेली जागा झाकण्यासाठी लावतात, म्हणून मी प्रथम फारशी चिंता केली नाही. पण आमच्या छायाचित्रकाराने अवरक्त (इन्फ्रारेड) छायाचित्र घेतले आणि पडद्यावर पट्टीखालचे चित्र धूसर का होईना, पण दिसू लागले. तिथे कागद फाटलेला नव्हता. तिथे कुंपणच नव्हते. काठ्यांची रांग पट्टीच्या आधीच संपत होती आणि एका प्राण्याची रेषा त्या मोकळ्या जागेतून बाहेर जात होती. त्या छायाचित्रकाराचे नाव कोणत्याही फलकावर येत नाही, पण कॅमेऱ्याची उंची तीनदा बदलून ती रेषा त्यानेच मिळवली.

पट्टी काढायची की नाही, हा प्रश्न बाहेरच्या माणसाला सोपा वाटेल. ती खळीने चिकटवलेली होती. खळ सैल करायला ओलावा लागतो आणि ओलावा मिळाला की खालच्या जंगालातले तांबे पुन्हा कामाला लागते, शिवाय आजूबाजूच्या चांगल्या कागदात पसरते. पट्टी तशीच ठेवली तर एका विक्रेत्याने केलेला खोटेपणा संग्रहालयाच्या नावाने पुढे चालू राहतो. संवर्धनाच्या शिक्षणात पहिल्या वर्षापासून शिकवतात की परत फिरवता येणार नाही असे काही करू नये, पण इथे काहीही न करणे हीसुद्धा तशीच गोष्ट होती, कारण पट्टीच्या खळीचा ताण खालच्या ठिसूळ कागदाला दर पावसाळ्यात ओढत होता.

मी कोरड्या पद्धतीने जायचे ठरवले. शस्त्रक्रियेचे पाते, सूक्ष्मदर्शक आणि श्वास रोखून धरण्याची सवय, एवढीच साधने. पट्टी खालून उचलायची नाही, वरून पातळ करत जायचे. कागदाचे तंतू थराथराने खरवडून काढायचे आणि शेवटचा खळीचा पापुद्रा पात्याच्या पाठीने भुगा करून मऊ कुंचल्याने टिपायचा. एका बैठकीत नखाएवढी जागा मोकळी झाली तर काम चांगले झाले म्हणायचे. मोकळ्या झालेल्या जागेला लगेच मागून आधार देत होते : जिलेटिनचा लेप देऊन आधीच वाळवून ठेवलेला जपानी टिश्यू, जेमतेम दमट टीपकागदावर जागा करून, ओल कागदात शिरायच्या आत दाबून बसवायचा. हे वेळेचे गणित हाताला कळते, ते शब्दांत शिकवता येत नाही. अर्धी पट्टी निघाल्यावर खालचा रंग खळीबरोबर उठू लागला, तेव्हा मी तिथेच थांबले आणि उरलेली अर्धी पट्टी तशीच ठेवली.

जे दिसले ते असे आहे. कुंपणाची शेवटची काठी, तिच्या पलीकडे मोकळी हिरवी जमीन, गुंडाळलेली जाळी खांद्यावर घेतलेला एक अनवाणी माणूस आणि त्याच्या बाजूने कुंपणाबाहेर निघालेली काळविटाची मादी. तिचे मागचे पाय आत आहेत, पुढचे बाहेर. माणसाच्या हातात हत्यार नाही आणि तो तिच्याकडे पाहत नाही. त्याच्या गुडघ्यावर चित्रकाराने ओरखड्यासारखी एक बारीक लाल रेघ काढली आहे. रान उठवणाऱ्या माणसाचे पाय कसे असतात, हे त्या चित्रकाराने जवळून पाहिले असणार.

अकबराच्या चरित्रात एक कमरगाह अशी आहे, जी पूर्ण झाली नाही. 1578 साली पंजाबात भेऱ्याजवळ, जनावरे रिंगणात आल्यानंतर, बादशहाला एकाएकी विलक्षण अवस्था प्राप्त झाली आणि त्याने शिकार थांबवून सारे प्राणी सोडून देण्याची आज्ञा केली. पाखराच्या पिसालाही कोणी हात लावू नये, अशी ताकीद होती, असे अबुल फजल सांगतो. अकबरावर सतत टीका करणारा त्याच्याच दरबारातला इतिहासकार बदायूनीही ही घटना नोंदवतो; त्या जागी फकिरांना सोने वाटले, इमारत आणि बाग यांचा पाया घातला आणि बादशहाने केस कापवले, असे तो लिहितो. लंडनच्या प्रतीतला मजकूर 1577 पर्यंतचाच आहे, त्यामुळे हा प्रसंग तिथे असण्याचा प्रश्न नाही.

अभिरक्षक बाईंना मी हे बोलता बोलता सांगितले आणि दुसऱ्याच दिवशी फलकाचा मसुदा आला : ‘अकबर प्राण्यांना अभय देतो, भेरा, 1578.’ मी सही केली नाही. उघडे कुंपण म्हणजे आत येण्याची वाटही असू शकते. जाळी खांद्यावर घेतलेला माणूस ती काढून नेत असेल, तसाच आणतही असेल. बादशहा एखाद्या झाडाखाली बसलेला दिसला असता तर प्रश्न मिटला असता, पण पानाचा वरचा उजवा भाग कोणीतरी मुरक्क्याच्या, म्हणजे चित्रांच्या संग्रहवहीच्या चौकटीत बसवण्यासाठी कापून टाकला आहे आणि त्याबरोबर समासातला मजकूरही गेला आहे. जुन्या चित्रांचे अर्थ सर्वांत जास्त कोणी नष्ट केले असतील, तर ते वाळवीने नव्हे, कात्रीने. लोकांना कनवाळू बादशहा आवडतो हे मला समजते. प्रदर्शनातल्या शिकारीच्या चित्रांपुढे उभे राहून पालक मुलांना पुढे ओढतात, तेही मी पाहते. म्हणून पुरावा ताणायचा नाही. “मॅडम, मग तुमचे स्वतःचे मत काय?” असे बाईंनी विचारले, तेव्हा मी त्यांना त्या मादीची मान दाखवली.

मोगल चित्रशाळांत आकृती उतरवण्यासाठी चर्बा वापरत. हरणाचे पारदर्शक होईपर्यंत पातळ केलेले कातडे चित्रावर ठेवून रेषा गिरवायची, त्या रेषेवर सुईने भोके पाडायची आणि वरून कोळशाची पूड आपटून ठिपके खाली उतरवायचे. चर्बा उलटा केला की तीच आकृती दुसऱ्या दिशेला तोंड करते. अवरक्त छायाचित्रात कोळशाचे ठिपके दिसतात आणि ते सांगतात की ही मादी कुंपणाच्या आत, मध्यभागी पळणाऱ्या मादीच्याच चर्ब्यावरून, तो उलटा करून काढली आहे. आतली मादी धावताना मान मागे वळवून पाठलाग करणाऱ्याकडे पाहते. बाहेर पडणाऱ्या मादीच्या ठिपक्यांतही मान मागेच वळलेली आहे. रंगवताना मात्र चित्रकाराने ते ठिपके सोडून दिले आणि हाताने नवी मान काढली : सरळ, पुढे, कान समोर रोखलेले.

बाईंचे म्हणणे असे की कोपऱ्यात जागा कमी होती, मागे वळलेली मान कुंपणाच्या काठीवर गेली असती, म्हणून त्याने सोय पाहिली. मी मोजून पाहिले. मान आणि काठी यांच्यात बोटाच्या पेराएवढी जागा शिल्लक राहिली असती. त्यावर त्या म्हणाल्या की बोटाच्या पेराएवढ्या जागेवर इतिहास उभा करता येत नाही, आणि यात त्या बरोबर आहेत. शेवटी फलकावर ‘कमरगाह शिकारीचे दृश्य, कुंपणाचा एक भाग उघडा’ एवढेच गेले. माझ्या अहवालात अर्धी पट्टी का ठेवली, ती कोणत्या खळीने बसली आहे, तिच्याखाली अजून काय असू शकते आणि हा चर्बा दुसऱ्या कोणत्या संग्रहातल्या पानावर सापडतो का ते पाहावे, हे सविस्तर लिहिले आहे. त्याच आखणीची काही पाने इतरत्र गेली असण्याची शक्यता आहे. दोन संग्रहालयांना मी छायाचित्रे पाठवली आहेत आणि एकीकडून त्यांच्या पानाचे अवरक्त छायाचित्र घेऊन पाठवण्याचे आश्वासन आले आहे.