पाईप वीस फुटी, पन्नी किलोवर: परसातलं पॉलीटनेल

ग्वाल्हेरची थंडी महाराष्ट्रातल्या नातेवाइकांना सांगून पटत नाही. 'मध्य प्रदेशात कसली आलीये थंडी!' हे माझ्या नणंदेचं दर दिवाळीचं वाक्य. डिसेंबर संपता संपता इथे पारा चार-पाच अंशांवर येतो, काही रात्री त्याच्याही खाली जातो, आणि आभाळ मोकळं असून वारा पडला की पाला, म्हणजे गोठलेलं दव, पडलाच म्हणून समजा. सकाळी परसात जावं तर अळूची पानं उकडलेल्या पालकासारखी काळपट होऊन देठावर लोंबत असतात. टोमॅटो आणि मिरची त्याच वाटेने जातात, कढीपत्त्याच्या नुसत्या काड्या उरतात. बाजारात अरबीची पानं येतात, पण ती खाजरी. त्यामुळे अळूवडी हवी तर अळू आपल्याच परसात जगवायला हवं. पॉलीटनेल, म्हणजे कमानींवर प्लास्टिकची पन्नी ताणून केलेला बोगदा, घ्यायचं माझ्या मनाने घेतलं ते मुळात यासाठी.

शोधाशोध सुरू केली तेव्हा एक गोष्ट पटकन लक्षात आली. याविषयी जे लिहिलेलं सापडतं ते बहुतेक थंड देशातल्या माणसांनी लिहिलेलं. त्यांचा सगळा जीव ऊब आत कशी कोंडायची यात. आपल्याला ऊब लागते ती डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. मार्च निम्मा झाला की इथे ऊन चावायला लागतं आणि मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो. अगदी जानेवारीतसुद्धा लख्ख ऊन पडलं तर बंद पॉलीटनेलमध्ये दहा-अकरा वाजताच घाम फुटतो. म्हणून मी ठरवलं की कुठलंही पॉलीटनेल बघताना पहिला प्रश्न एकच: हे उघडतं कसं, आणि पुरतं उतरवायचं झालं तर किती वेळात उतरतं? किंमत त्यानंतर.

या एका प्रश्नावर तयार किट बाद झाली. पुण्याहून मुलगा रोज एक नवी लिंक पाठवत होता, "आई, हे बघ, घरपोच येतंय, नटबोल्ट लावले की झालं." हिरव्या चौकटींच्या जाळीदार प्लास्टिकचं आवरण, बारीक पोलादी नळ्या, एक चेनचं दार आणि बाजूला रुमालाएवढ्या खिडक्या. त्या खिडक्यांतून ग्वाल्हेरची दुपार बाहेर जाईल हे मला पटेना. शिवाय आवरण एका विशिष्ट मापात शिवलेलं, म्हणजे फाटलं की तसंच दुसरं शोधत बसा. आमच्याकडे माकडं येतात, त्यामुळे 'फाटलं की' म्हणतेय, 'फाटलं तर' नाही.

आमच्या इथून झाशीच्या रस्त्याने गेलं की बिलौआ लागतं. तिथली विड्याची पानं प्रसिद्ध आहेत. पानाचा वेल ऊन, लू, पाला काहीच सोसत नाही, म्हणून तिथले शेतकरी बांबू, काड्या आणि गवत यांचे मांडव घालून त्यात तो वाढवतात. त्यांना बरेजे म्हणतात. आमच्या ओळखीतले एक काका शेतकी खात्यातून निवृत्त झालेत, त्यांनी मला आधी बरेजा बघून यायला सांगितलं. "वहिनी, आडोसा म्हणजे हवा बंद करणं नव्हे, हे तिथे डोळ्यांनी दिसेल." दिसलं. वरचं गवत ऋतूप्रमाणे कमी-जास्त करतात, बाजूच्या ताट्या वाऱ्याची दिशा बघून दाट-विरळ ठेवतात. मला तसंच काहीसं हवं होतं, पण पारदर्शक.

आता जागा. आमच्या परसाच्या दक्षिणेला शेजाऱ्यांची दहा फुटी भिंत आहे. ग्वाल्हेर साधारण २६ अक्षांशावर, म्हणजे २२ डिसेंबरच्या सुमारास भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून ४० अंशांच्या आसपासच चढतो. दहा फुटी भिंतीची सावली त्या दिवशी दुपारी बारालाही जवळजवळ बारा फूट पडते. सकाळ-संध्याकाळचं तर विचारूच नका. उन्हाळ्यात जागा बघून आखणी केली असती तर ही सावली दिसलीच नसती, कारण जूनमध्ये सूर्य डोक्यावर असतो आणि भिंतीची सावली जेमतेम भिंतीच्या पायाशी. भिंतीपासून बारा फूट सोडून पूर्व-पश्चिम लांबी धरली. त्यात दोन्ही साधतं: लांब कुशीवर हिवाळ्याचं दक्षिणेचं ऊन येतं, आणि पश्चिमेचा वारा अरुंद टोकावर घेतला जातो.

रुंदी किती ठेवायची हे मी नाही, लोखंडाच्या बाजाराने ठरवलं. जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला लोखंडी पाईप वीस फुटांचा येतो. दहा फूट रुंदीची कमान हवी तर निव्वळ अर्धगोलालाच पावणेसोळा फूट जातात. उरलेल्यातले दोन्ही बाजूंना दीड-दीड फूट जमिनीत गाडायला लागतात. उंची मधोमध साडेपाच फूट भरते आणि आमच्या ह्यांचं डोकं रोज आपटतं. रुंदी आठ फूट केली की अर्धगोलाला साडेबारा फूट, गाडायला तीन, आणि दोन्ही बाजूंना सरळ पायासाठी सव्वादोन फुटांच्या आसपास उरतात. मधली उंची सहा फुटांच्या वर. एक पाईप, एक कमान, जोड नाही, तुकडा वाया नाही. हा हिशेब मी वहीच्या मागच्या पानावर केला आणि तीच वही घेऊन लोहिया बाजारात गेले.

पीव्हीसीच्या पाईपाचा सल्ला वाटेत भेटलेल्या प्रत्येकाने दिला. स्वस्त, हलका, हाताने वाकतो. पण उन्हाने तो ठिसूळ होतो, आणि दुसरं म्हणजे पीव्हीसीतल्या क्लोरीनमुळे त्याला टेकलेली पॉलीथिनची पन्नी लवकर कुजते. (गंधकाच्या फवाऱ्याचाही पन्नीवर असाच परिणाम होतो, भुरी रोगासाठी गंधक मारणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.) मी एक इंची, दोन मिलिमीटर जाडीचा जीआय घेतला.

कमानी वाकवून घेतल्या ते दृश्य बघण्यासारखं होतं. वर्कशॉपातल्या मुलाने फरशीवर खिळा धरला, त्याला सुतळी बांधली आणि दुसऱ्या टोकाला खडू धरून अर्धगोल काढला. सुतळी चार फुटांची हवी होती, त्याने पावणेचार फुटांवरच गाठ मारली. मी लगेच वही पुढे केली. तो हसला. "आंटीजी, पाईप छोड़ते ही थोड़ा खुलता है." खरंच, वाकवलेला पाईप यंत्रातून सुटला की अंगचा ताठा दाखवतो आणि जरासा उघडतो. खडूच्या रेषेवर पहिली कमान ठेवली तेव्हा दोन पायांमधलं अंतर बरोबर आठ फूट. वेल्डिंग मात्र मी करू दिलं नाही. वेल्डिंगने जस्ताचा थर जळतो आणि गंज नेमका तिथूनच धरतो. आडवे पाईप क्लॅम्प आणि नटबोल्टने जोडले, कापलेल्या टोकांना जस्ताचा रंग फासला.

खरी कसोटी पन्नीची. बाजारात प्रत्येक पन्नी 'यूव्हीवाली', म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांना टिकणारी असते आणि प्रत्येक पन्नी 'दोनशे मायक्रॉन' (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर) असते. पॉलीहाउससाठी भारतीय मानक आय. एस. १५८२७ : २००९ आहे, २०० मायक्रॉनची, यूव्ही स्थिर केलेली, निदान ८५ टक्के प्रकाश आत सोडणारी पन्नी सरकारी योजनांत मागतात. दुकानात उभं राहून यूव्ही तपासता येत नाही, त्यासाठी कंपनीचा छापा आणि पक्कं बिल एवढाच आधार. जाडी मात्र तपासता येते, तीही साध्या तराजूवर. पॉलीथिनची घनता ०.९२ धरा, म्हणजे २०० मायक्रॉनची एक चौरस मीटर पन्नी १८४ ग्रॅम भरते. मला सात मीटर रुंद आणि दहा मीटर लांब तुकडा हवा होता: सत्तर चौरस मीटर, वजन तेरा किलोच्या जवळ. पहिल्या दुकानात तुकडा कापण्याआधी मी विचारलं, हा किती भरेल? दुकानदाराने अंदाजाने साडेआठ किलो सांगितलं, भाव मीटरवर लावत होता. साडेआठ किलो म्हणजे १३० मायक्रॉन. हिशेब दाखवल्यावर "भाभीजी, इतना कौन देखता है" असं म्हणून त्याने चहा मागवला. चहा घेतला, पन्नी नाही.

दुसऱ्या दुकानात भाव किलोवर होता. तिथे गोंधळ व्हायला वावच नाही, कारण पातळ पन्नी दिली तर पैसेही कमीच लागतात. कडेला कंपनीचं नाव, मायक्रॉन आणि कुठली बाजू बाहेर ठेवायची हे छापलेलं होतं. ही बाजू महत्त्वाची असते. आतल्या बाजूला दव थेंब होऊन रोपांवर टपकू नये अशी सोय असते, पन्नी उलटी लावली तर ती फुकट.

याच फेरीत ४० मेशची (इंचाला चाळीस छिद्रांची) कीटकजाळी आणि प्रोफाइल-स्प्रिंग घेतलं. प्रोफाइल म्हणजे पत्र्याची उथळ पट्टी, तिच्यात पन्नी दाबून वर नागमोडी तार बसवायची. खिळे-चुका मारल्या की पन्नी तिथून फाटत जाते. स्प्रिंग ओढली की पन्नी सुटी होते. माझ्या 'उतरतं कसं'चं उत्तर या तारेत होतं, त्यामुळे दोरी-विटांपेक्षा जास्त पैसे पडले तरी मी तिथे हात आखडला नाही.

अनुदानाबद्दल लोक विचारतात म्हणून सांगते: पॉलीहाउस आणि टनेलला फलोत्पादनाच्या योजनेतून मदत मिळते खरी, पण ती शेतकऱ्यासाठी. खसरा, म्हणजे शेतजमिनीचा उतारा लागतो. परसातल्या वीस फुटांसाठी त्या रांगेत उभं राहू नये. सहा कमानी, आडवे पाईप, वाकवण्याची मजुरी, पन्नी, जाळी, प्रोफाइल सगळं धरून माझा खर्च सोळा हजारांच्या आत बसला. तेवढ्याच मापाची बारीक नळ्यांची किट थोडी स्वस्त पडली असती.

उभारणीत खड्ड्यांनी दमवलं. हातभर खाली जुन्या भिंतीचा राडारोडा निघाला आणि माळीदादांनी पहार आणली. बाकी पन्नी ताणायची वेळ सांभाळावी: वारा नसलेली दुपार. गार सकाळी ताणली तर उन्हात सैल पडते आणि मग वाऱ्यावर फडफडून कमानीवर घासते. कमानींच्या पाठीवर आम्ही पांढरा रंग दिला, कारण तापलेल्या पाईपावर पन्नी आधी जळते. तीन फूट उंचीवर प्रोफाइल, त्याच्याखाली मोकळी सोडलेली पन्नी एका आडव्या पाईपाला गुंडाळलेली, आतून जाळी. सकाळी पाईप फिरवला की दोन्ही कुशी उघड्या, सूर्य कलायच्या आत परत खाली. हे काम ह्यांनी आपणहून पत्करलंय, आणि साडेनऊच्या चहाआधी होतंही.

पाल्याबद्दल एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. साधी पॉलीथिन दिवसाचं ऊन आत घेते, पण रात्री जमिनीतून निघणारी उष्णता तिच्यातून बरीचशी आरपार जाते. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री आतला पारा बाहेरच्यापेक्षा खालीही उतरू शकतो. ही उष्णता अडवणारी थर्मिक पन्नी वेगळी येते, पण घरापुरता तुकडा कापून देणारं कुणी मला भेटलं नाही. त्याऐवजी काळ्या रंगाची पाण्याची दोन पिंपं आत उभी केली. दोनशे लिटरचं पिंप रात्रभरात पाच अंशांनी निवलं तर एका युनिट विजेपेक्षा जरा जास्तच उष्णता सोडतं. पाल्याची चिन्हं दिसली की संध्याकाळी वाफ्यांना हलकं पाणी देते आणि अळूवर जुनी सुती साडी टाकते. यंदा अळू तगलं. कडेची दोन-चार पानं करपली, कारण ती पन्नीला टेकली होती. टोमॅटोला फुलोरा येऊनही फळ धरेना, तेव्हा काकांनी दुपारी टोमॅटोच्या आधाराची ताटी हलवायला सांगितलं. आत वारा नाही, परागकण झडणार कसे? रोज ताटीला दोन टिचक्या मारायला लागल्यावर फळ धरलं.

मार्चमध्ये, गारपिटीच्या बातम्या सुरू व्हायच्या आधी, स्प्रिंगा ओढून पन्नी उतरवली. धुऊन, सावलीत वाळवून, सैलसर गुंडाळून माळ्यावर टाकली. उन्हाळाभर ऊन चुकलं तर तीन वर्षं टिकणारी पन्नी त्याहून जास्त टिकेल अशी आशा आहे. एप्रिलपासून त्याच कमानींवर निम्मी सावली देणारी हिरवी जाळी आहे, आणि ती निघाली की पावसाळ्यात दोडका आणि घोसाळी चढवायची आहेत. उंदरांसाठी माळ्यावर पिंजरा लावलाय.