चिठ्ठीतलं वाक्य आणि त्यानंतरची दोन वाक्यं

प्रेक्षकांच्या सूचनेवर आयत्या वेळी प्रसंग उभा करायची रीत शिकागोत १९५५ साली कंपास प्लेयर्स या नाटकमंडळीने रुजवली. त्यातला चिठ्ठ्यांचा खेळ वरवर सगळ्यात सोपा दिसतो. 'हूज लाइन इज इट एनीवे?' या टीव्ही कार्यक्रमाच्या अमेरिकी आवृत्तीत तो 'हूज लाइन' या नावाने असायचा. प्रेक्षकांनी लिहिलेली वाक्यं न वाचता खिशात ठेवायची आणि प्रसंग रंगात आला की एकेक काढून संवाद म्हणून म्हणायची.

खेळणारे दोघे, प्रत्येकाकडे तीन चिठ्ठ्या, वेळ चार मिनिटं. चिठ्ठ्या मध्यंतरात गोळा कराव्यात. 'काहीही लिहा' म्हटलंत तर निम्म्या चिठ्ठ्यांवर सिनेमातले डायलॉग येतात. त्यापेक्षा 'घरातलं माणूस फोन ठेवता ठेवता जे म्हणतं ते पूर्ण वाक्य लिहा' असं सांगा. लिहायला जाड काळं पेन द्या, कारण स्टेजवरच्या उजेडात पेन्सिल दिसत नाही. कागदाला घडी एकच. चार घड्या उलगडेपर्यंत प्रसंग थंड पडतो. निवेदकाने आधी चाळून अश्लील आणि सभागृहातल्या कुणाचं नाव असलेल्या चिठ्ठ्या काढून टाकाव्यात. खेळणाऱ्यांनी मात्र एकही बघू नये.

जागेची सूचना तोंडी घ्या. 'जागा सांगा' म्हटलं की पहिला आवाज 'संडास!' हाच येतो. 'जिथे तुम्हाला गप्प बसावं लागतं अशी जागा?' असं विचारलं की दवाखाना, बँक, सासुरवाडी असं काहीतरी कामाचं मिळतं.

पहिलं अर्धं मिनिट खिशाला हात नाही. कोण, कुठे, काय बिनसलंय हे आधी कळू दे. समजा, दाताचा डॉक्टर आणि पेशंट आहेत. डॉक्टर म्हणतो, "आ करा. हं, आता एकच सांगतो..." आणि चिठ्ठी वाचतो: "पाहुणे गेल्याशिवाय डबा उघडायचा नाही." हशा येतो. नवखे इथेच फसतात. हशा संपला की ते मूळ संवादाकडे परततात आणि वाक्य वाया जातं. पेशंटने विचारायला हवं, "म्हणजे कीड अजून आतच आहे?" डॉक्टर: "तिघं आहेत. एक तर अक्कलदाढेत मुक्कामालाच आलाय." आता डबा म्हणजे तोंड, पाहुणे म्हणजे कीड, आणि पुढची दोन मिनिटं आपोआप चालतात. चिठ्ठी फक्त ठिणगी देते. त्या वाक्याला प्रसंगात अर्थ मिळवून देणं हाच खरा खेळ, आणि ते काम बहुतेकदा समोरच्याचं असतं.

'आमची आजी म्हणायची...' ही चिठ्ठी काढायची पायवाट एकदाच वापरावी. दुसऱ्यांदा कधी फोन वाजू दे, कधी भिंतीवरची पाटी वाचा, कधी सरळ रागाच्या भरात चिठ्ठी काढा. मनात आधी वाचून हसू मात्र नका. तेवढ्यात प्रेक्षक पुढे निघून जातात.

आणि अक्षर लागलं नाही तर जेवढं लागतंय तेवढंच मोठ्याने वाचा. स्वतःचं वाक्य घुसडू नका. लिहिणारा समोरच बसलेला असतो, त्याला लगेच कळतं.