कान अजून वाजतायत

रात्रीचा एक वाजलाय. कॉन्सर्टहून आलोय आणि झोप काही येत नाही. हेडफोन लावून तिथल्याच एका गाण्याचं स्टुडिओ रेकॉर्डिंग ऐकतोय. प्रत्येक वाद्य जागच्या जागी, गायिकेचा श्वाससुद्धा ऐकू येतोय. तिथे मात्र बेस गिटार नुसती छातीत धडधडत होती, सूर कोणता ते कळेल तर शपथ!

सुरुवातीला पार मागे होतो, स्टेजपासून साधारण 70 मीटरवर. आवाज सेकंदाला 340 मीटरच्या आसपास जातो, त्यामुळे ड्रमवर काठी पडलेली आधी दिसायची आणि ठोका मागून यायचा. डोळे मिटले तेव्हा कुठे बरं वाटलं. मग सरकत सरकत मिक्सिंग डेस्कच्या मागे गेलो आणि शब्द न् शब्द कळायला लागला. साउंडवाला तिथेच उभा राहून सगळं जुळवतो ना! (ही युक्ती इतक्या वर्षांत कुणी सांगितली नव्हती.)

रेडिओवरचं प्रक्षेपण म्हणजे तिसरीच तऱ्हा. एफएमवर 15 किलोहर्ट्झच्या वरचं, म्हणजे अगदी बारीक, उंच आवाजातलं काही येतच नाही, शिवाय कॉम्प्रेसर मोठा आवाज दाबतो, हळू आवाज वर ओढतो. गाडीत ऐकायला ठीक. पण आज एका जागी सगळी वाद्यं थांबली, नुसता गळा उरला आणि एवढी गर्दी चिडीचूप. ती शांतता कॉम्प्रेसरने खोकल्यांनी भरून टाकली असती.

पुढच्या वेळी इअरप्लग नेणार. आणि जागा डेस्कमागचीच.